चार ओळींची वात्रटिका: चौथी ओळ पडते कशामुळे?

नळकोंडाळं

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत अपार्टमेंटच्या फलकावर रोज एक चार ओळींची वात्रटिका लावायची ठरली आहे. विषय रोजचेच: नळ, ऊन, भाकरी, चादर, पाहुणे. विषय सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, तरी चौथ्या ओळीला हसू येत नाही. नमुना खाली देतो.

आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी एकदा येते,
सगळे उठतात पहाटे, बादल्या घेऊन रांग लागते,
मोटार लावतो शेजारी, पाणी सगळे त्याच्याच टाकीत जाते,
आणि आमच्या नळातून फक्त हवा येते.

नेमकं कुठं चुकतंय? मात्रा मोजायलाच हव्यात का, की यमक जुळलं की भागतं? आणि सोलापुरातल्या माणसाला पटकन लागेल अशी कोटी शोधायची काही रीत आहे का? फलक लहान मुलांपासून आजीपर्यंत सगळे वाचतात, तेव्हा काय टाळावं तेही सांगा.

अष्टमात्रा

कल्पना चांगली आहे, ती टाकू नका. तुमच्या हातात 'हवा' हा फार कामाचा शब्द आलाय आणि तोच वाया गेलाय.

आधी मोजणी. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अ, इ, उ, ऋ आणि ते स्वर असलेली अक्षरं लघू, म्हणजे एका मात्रेची. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ आणि स्पष्ट उच्चारलेला अनुस्वार असेल तर गुरू, म्हणजे दोन मात्रांचं. पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर मागचं अक्षर गुरू धरायचं. 'फक्त' म्हणताना 'फ'वर जोर येतो, म्हणून २ अधिक १ अशा ३ मात्रा. या हिशेबाने तुमच्या चार ओळी ३५, ३२, ३८ आणि २४ मात्रांच्या होतात. वाचणाऱ्याच्या कानात ठेकाच बसत नाही. ठेका बसला नाही की शेवटच्या शब्दाची वाट कोणी बघत नाही, आणि वाट बघायला लावली नाही तर धक्का कशाचा बसणार? मात्रा मोजायच्या त्या एवढ्याचसाठी.

दुसरं म्हणजे यमक. येते, लागते, जाते, येते. हे फक्त क्रियापदाच्या शेपटीचं यमक आहे. मराठीत कुठलंही क्रियापद कुठल्याही क्रियापदाशी असं जुळतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात काहीच गंमत वाटत नाही. आपल्याकडच्या 'करलालो, येलालो, बोललालो' या रूपांचाही हाच सापळा आहे. ती बोलायला गोड आहेत, पण यमकाला फुकटची. यमकात शेवटचं अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर, दोन्ही जुळले पाहिजेत. 'हवा'ला 'नवा' जुळतो. 'हवा'ला 'दिवा' अर्धवटच जुळतो.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. 'हवा' हा हसवणारा शब्द आणि त्याच्यामागे 'येते' लावून ठेवलंय. हसवणारा शब्द ओळीचा शेवटचा शब्द असला पाहिजे. त्यानंतर एक अक्षरही नको.

आता दुरुस्ती. वात्रटिका खालून वर लिहा. चौथी ओळ आधी. 'हवा'चे दोन अर्थ आपल्या बोलण्यात रोज येतात: एक वारा, दुसरा रुबाब. 'गावात आपलीच हवा' असं पोरं म्हणतात ना, तो. म्हणजे चौथी ओळ झाली: 'आणि आपली फक्त हवा'. मोजा: आणि ३, आपली ५, हे झाले ८; फक्त ३, हवा ३, हे ६. एकूण १४.

मग 'हवा'ला यमक शोधायचं. कागदावर बाराखडीतली व्यंजनं ओळीने घेऊन पुढे 'वा' लावत जायचं आणि अर्थ असलेलेच शब्द ठेवायचे: खवा, गवा, तवा, थवा, दवा, नवा, रवा. नळाच्या विषयात यातला 'नवा' बसतो: 'शेजाऱ्याचा पंप नवा'. ८ आणि ६. बोलताना आपण 'नवा पंप' म्हणतो, तेव्हा इथे क्रम उलटा झालाय हे खरं. म्हणूनच तो दुसऱ्या ओळीत ठेवायचा. ओढूनताणून आणलेला शब्द आधी आणि सहज आलेला शब्द शेवटी, हा क्रम कायम पाळा. उलट केलंत तर चौथी ओळ यमकासाठी लिहिल्यासारखी दिसते.

पहिली ओळ १६ मात्रांची, ८ आणि ८. 'चार दिसांनी नळ हा सुटला' अशी होऊ शकते, पण त्यातला 'हा' भरतीचा. तो काढला तर दोन मात्रा कमी पडतात. अशा वेळी शब्द कोंबू नका, ओळच बदला: 'चौथ्या दिवशी पाणी सुटले'. पाण्याचा उल्लेख इथे झाला, तेव्हा तिसऱ्या ओळीत 'पाणी' पुन्हा नको. 'त्याची टाकी काठोकाठ' पुरे. शेवटचा 'ठ' लघू आहे, पण ओळीच्या शेवटचा लघू गुरू मानायची सवलत आहे, म्हणून ही ओळ १६ चीच धरायची.

चौथ्या दिवशी पाणी सुटले,
शेजाऱ्याचा पंप नवा;
त्याची टाकी काठोकाठ,
आणि आपली फक्त हवा!

सगळे मिळून १४ शब्द झाले. तुमच्या मूळ कवितेत २८ आहेत. पहाट, बादल्या, रांग हे सगळं वाचणाऱ्याला ठाऊकच आहे, ते सांगत बसायचं कारण नाही. 'त्याची टाकी' आणि 'आपली हवा' ही जोडी स्त्रीलिंगी-स्त्रीलिंगी अशी समोरासमोर आली, त्यानेही चौथ्या ओळीला जोर मिळाला. अशी जोडी हाताशी असेल तर जरूर वापरा.

दुसरी आणि चौथी ओळ १४ चीच का ठेवली, तर १६ च्या ठेक्यात शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या राहतात आणि हसू त्या जागेत येतं. ओळ काठोकाठ भरली तरी चालतं, पण नव्या माणसाला १६, १४, १६, १४ हे माप सोपं जातं. आणखी एक: आठव्या मात्रेवर शब्द संपला पाहिजे. शब्दाचे दोन तुकडे होऊन अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे गेला की म्हणताना अडखळायला होतं, मग बेरीज १६ आली तरी उपयोग नाही. टेबलावर बोटाने आठ-आठ ठोके देत म्हणून बघा, अडखळलात की लगेच कळेल.

चाटीगल्लीकर

वरच्या मोजणीला माझं अनुमोदन. मी कोट्यांबद्दल सांगतो, कारण सोलापूरइतका कोट्यांचा माल फार थोड्या गावांत असेल. पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर राम जोशी इथलेच. संस्कृतात मुरलेला माणूस लावणीकडे आला आणि शब्दांशी खेळला. त्यांच्या गावात कोटीला हलकं समजू नये.

कोटी मुख्यतः दोन जातींची. एकात शब्द न मोडता दोन अर्थ निघतात, त्याला अभंग श्लेष म्हणतात. वरची 'हवा' त्या जातीची. दुसऱ्यात शब्द मोडला की अर्थ बदलतो, तो सभंग श्लेष. आपल्या गावाचं नाव घेतलं की लोकांना आठवते ती चादर. ती मोडून बघा: चा, दर. आपल्याकडे चहाला 'चा'च म्हणतात, म्हणजे मोडलेल्या दोन्ही तुकड्यांना अर्थ आहे. आता 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण शेजारी ठेवा.

चादर पाहून पाय पसरावे,
चा-दर पाहून पाय काढावे.

दोन्ही ओळी ९ आणि ९ अशा १८ मात्रांच्या. यात हसू नुसत्या 'चा-दर'मुळे येत नाही. पहिली ओळ ओळखीच्या म्हणीच्या वाटेने जाते, दुसरी त्याच वाटेने निघून वळते आणि 'पसरावे'च्या जागी 'काढावे' येतं. कोटी नेहमी अशी एखाद्या म्हणीत किंवा वाक्प्रचारात बसवावी. एकटी कोटी म्हणजे नुसता शब्दकोश. सभंग श्लेष लिहिताना मोडलेल्या जागी एकदाच छोटी रेघ द्या, अवतरणचिन्हं लावू नका, कंसात अर्थ तर मुळीच लिहू नका. म्हणून दाखवताना 'चा'नंतर अगदी किंचित थांबायचं.

शोधायची रीत अशी. विषय 'भाकरी' घेतला तर कागदाच्या डाव्या बाजूला त्या विषयातले निदान २० शब्द लिहा: ज्वारी, तवा, पीठ, परात, थापणे, उलटणे, पापुद्रा, कडक, चटणी, शेंगा, घास, दात. उजवीकडे प्रत्येक शब्दाचे वाक्प्रचार लिहा: 'दात काढणे', 'दात धरणे', 'घास हिरावणे', 'पीठ पडणे'. ज्या वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थही त्याच विषयात खरा ठरतो, तिथे वात्रटिका आहे. २० शब्दांतून एक-दोनच निघतात, बाकीचे खुशाल सोडून द्या.

मग खास सोलापुरी शब्द. 'बे' घ्या. बोलण्यातला 'काय बे' आणि पाढ्यातला 'बे एके बे':

गुरुजी म्हणती, "म्हण बे पाढा,
बेचा आहे की, सोपा बे!"
बंड्या म्हणतो, "बे एके बे,
पुढचा सांगा तुम्हीच की बे!"

इथे 'बे'चे दोन अर्थ हा वरचा थर झाला. खरं हसू 'सांगा तुम्हीच' या आदरार्थी शब्दांना 'बे' चिकटला त्यात आहे. मराठीत तू-तुम्ही-आपण यांची गल्लत हे विनोदाचं फार मोठं भांडार आहे, आणि त्याकडे लिहिणाऱ्यांचं लक्ष जात नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. मोजताना 'तुम्ही'तला 'तु' लघूच धरा. 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' यांचा आघात सहसा मागच्या अक्षरावर येत नाही.

पूर्वभाग

चाटीगल्लीकर अण्णांनी सोलापुरी शब्द काढले, पण सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. दोन भाषांत एकसारखे ऐकू येणारे शब्द हा इथला खास माल आहे. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे, मराठीत 'चालू' म्हणजे सुरू. अर्थ बरोबर उलटे. जेवणाच्या पंगतीत ठेवा:

"पोळी वाढू? भातहि घालू?"
पाहुणा म्हणे, "चालू, चालू!"
"पुरे" म्हणाला तो तेलुगूत,
मराठीत मग वाढप चालू!

चारही ओळी १६ च्या, तिसरीतला शेवटचा 'त' लघूच आहे, तो लघूच मोजलाय. 'तो तेलुगूत' मिळून ८ होतात. यातली अडचण सांगतो. ज्याला 'चालु'चा तेलुगू अर्थ माहीत नाही त्याला तो कवितेतच कळला पाहिजे, आणि तोही शेवटच्या ओळीच्या आधी. म्हणून तिसरी ओळ अर्थ सांगण्यासाठी खर्ची घातली. चौथ्या ओळीत अर्थ सांगितला असता तर कवितेचा धडा झाला असता. कन्नडमधला 'बेड' घेतलात (त्याचा अर्थ 'नको') आणि आपल्या खाटेच्या 'बेड'शी जोडलात, तरी हीच रचना लागेल: पहिल्या दोन ओळींत प्रसंग, तिसरीत अर्थ, चौथीत उलटापालट.

एक आग्रहाची विनंती. दोन भाषांच्या शब्दांची टक्कर दाखवा, पण तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांच्या मराठीची नक्कल करू नका. वरच्या कवितेत चूक ऐकणाऱ्याची आहे, बोलणाऱ्याची नाही. पाहुणा आपल्या भाषेत अगदी बरोबर बोललाय. फलकासमोर उभं राहून दोघांनाही हसता आलं पाहिजे.

नळकोंडाळं

मनापासून आभार. भाकरीच्या यादीतला 'दात काढणे' उचलला आणि मात्रा मोजून हे केलं:

कडक भाकरी, शेंगाचटणी,
नातसुनेने ताट वाढले;
कवळी ठेवुन बाजूला मग
आजोबांनी दात काढले!

सगळ्या ओळी १६ भरतात, आठव्या मात्रेवर शब्दही संपतात. तरी चौथी ओळ जरा बसल्यासारखी वाटते. आणि 'वाढले-काढले' हेही क्रियापदांचंच यमक झालं, ते चालेल का?

अष्टमात्रा

यमक उत्तम आहे. नुसतं 'ले' जुळलं असतं तर ते शेपटीचं यमक झालं असतं. इथे 'वाढ' आणि 'काढ' हे धातूच जुळतात. 'नातसुनेने'ही छान सापडलंय: बरोबर ८ मात्रा, आणि त्या एका शब्दातून आजोबांचं वय कळतं.

तिसरी ओळ मात्र काढा. 'कवळी' म्हटल्याबरोबर वाचणाऱ्याला पुढचं दिसलं. शिवाय 'दात काढणे'चा एकच अर्थ उरला, 'हसणे' हा अर्थ मेला. दोन्ही अर्थ शेवटपर्यंत जिवंत राहतील अशी ओळ हवी. 'मग'सुद्धा भरतीचाच आहे.

कडक भाकरी, शेंगाचटणी,
नातसुनेने ताट वाढले;
घास तोंडात जाण्याआधी
आजोबांनी दात काढले!

आता आजोबा आनंदाने हसले की त्यांनी कवळी उतरवली, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. ते ठरवण्याचा जो अर्धा क्षण असतो, तोच विनोद.

'ठेवुन'बद्दल थोडं. शुद्ध रूप 'ठेवून'. मात्रेसाठी ऱ्हस्व करण्याची सवलत कवितेत पूर्वीपासून आहे आणि वरच्या पंगतीच्या कवितेतही 'भातहि' आलंय. पण फलकावर मुलं वाचणार असतील तर चार ओळींत एकदाच घ्या, आणि चौथ्या ओळीत तर नकोच. शक्यतो शब्द बदला. 'अमुच्या', 'मजला', 'तयांनी', 'जाहले' हेही टाळा. ही रूपं जुन्या कवितेत शोभतात. नळाच्या आणि भाकरीच्या कवितेत माणसं घरात बोलतात तशीच बोलली पाहिजेत.

रोजच्या इंग्रजी शब्दांच्या मात्रा उच्चारावरून धरा: रिक्षा ४, स्टेशन ४, ट्रॅफिक ४ ('अ‍ॅ' आणि 'ऑ' गुरू). 'मोबाईल' लिहिल्याप्रमाणे ७ होतो, पण म्हणताना 'मोबाइल' असा ६ चाच येतो. जसं म्हणता तसं लिहा, म्हणजे वाचणारा गोंधळणार नाही.

टाळमृदंग

सगळं मात्रांवर चाललंय म्हणून अक्षरगणवृत्ताची, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्ताची, भर घालतो. मोठ्या, गंभीर वृत्तात घरगुती विषय घातला की नुसत्या त्या विसंगतीने हसू येतं, कोटी नसली तरी. सगळ्यात सोयीचं भुजंगप्रयात, कारण मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत आणि ती चाल घरोघरी पाठ असते. वाचणारा आपोआप त्या चालीत वाचू लागतो. प्रत्येक ओळीत १२ अक्षरं, चार वेळा 'य' गण: लघू-गुरू-गुरू.

उन्हाळा उन्हाळा किती हा उन्हाळा,
पुन्हा वीज गेली, पुन्हा घाम आला;
तव्यासारखा चौक तापून गेला,
तरी चादरी द्यायची जावयाला!

तपासताना तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडा: तरीचा, दरीद्या, यचीजा, वयाला. प्रत्येक तुकड्यात पहिलं अक्षर लघू आणि पुढची दोन गुरू आलीच पाहिजेत. मात्रावृत्तात दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, इथे चालत नाही. म्हणून 'चादर' हा शब्द या वृत्तात बसतच नाही (गुरू, लघू, लघू), अनेकवचनी 'चादरी' केल्यावर बसतो. शब्द अडला की त्याची विभक्ती किंवा वचन बदलून बघायचं, ही पहिली युक्ती. समानार्थी शब्द शोधणं त्याच्यानंतर.

'उन्हाळा'चं 'आला'शी यमक काटेकोर नाही, ळ आणि ल वेगळे आहेत. पहिल्या ओळीत एकदा खपतं. चौथ्या ओळीत असं यमक आलं तर मी ती ओळ पुन्हा लिहीन.

दिंडी वृत्तही बघा: ओळीला १९ मात्रा, ९ आणि १०. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा वारीची दिंडी आणि वृत्ताची दिंडी हा श्लेष आयताच मिळतो. पण दिंडीचा ठेका ८ च्या पाढ्यासारखा सरळ नाही. आधी १६-१४ च्या निदान वीस-पंचवीस कविता करा, मग तिकडे वळा.

चाटीगल्लीकर

काय टाळावं हा प्रश्न राहिला. तुमचा फलक गड्ड्याच्या दिवसांत लागणार, म्हणजे १२ जानेवारी मध्येच येते. १९३१ साली त्या तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. गावात 'हुतात्मा' हा शब्द चौकाला आहे, नाट्यगृहाला आहे, रेल्वेगाडीलाही आहे, त्यामुळे 'हुतात्मा उशिरा आली' अशी कोटी कोणालाही सुचू शकते. ती करू नये. गाडीच्या उशिरावर लिहायचं तर 'गाडी' लिहा. त्या दिवशी फलक कोरा ठेवलात किंवा चार नावं लिहिलीत तर अधिक शोभेल.

यात्रेतले नंदीध्वज, ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, अक्षता सोहळा यांनाही हात लावू नका. यात्रेतली गर्दी, पाळणे, भजी, हरवलेली चप्पल, विक्रेत्यांच्या आरोळ्या यांत महिनाभर पुरेल इतके विषय आहेत. 'गड्डा' हाच शब्द घ्या: एक यात्रेचा, एक कोबीचा. कोणी आधी केलाय का हे न बघता करा, आपापल्या पद्धतीने वेगळा होतो.

आणि अपार्टमेंटच्या फलकावर 'शेजारी' लिहिताना मजला किंवा पंपाचा रंग लिहू नका. 'शेजाऱ्याचा पंप नवा' यात कोणीही शेजारी बसतो. 'तिसऱ्या मजल्यावर पंप नवा' लिहिलंत की तिसऱ्या मजल्यावर एक घर दुखावतं आणि बाकीचे हसतात. विनोद वस्तूवर, परिस्थितीवर, भाषेवर करावा. माणूस ओळखता आला की ती तक्रार होते, आणि तक्रारीला वेगळी वही असते.

अष्टमात्रा

फलकावर लावण्याबद्दल दोन गोष्टी. शीर्षकात हसवणारा शब्द घालू नका. नळाच्या कवितेला 'हवा' शीर्षक दिलंत तर चौथी ओळ वाचायची गरजच उरत नाही. 'पाणीपुरवठा' द्या किंवा काहीच देऊ नका. अक्षर दीड-दोन सेंटिमीटर उंच, चार ओळी म्हणजे चारच ओळी. कागद अपुरा पडला म्हणून ओळ मोडून पाचवी केलीत तर यमकाची जागा हरवते, त्यापेक्षा कागद आडवा धरा. उद्गारचिन्ह एकच, शेवटी.

लिहून झाल्यावर एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी दुसऱ्या माणसाला ती मोठ्याने वाचायला सांगा. आपण स्वतः वाचताना चुकलेल्या मात्रा नकळत ओढून भरून काढतो, तो माणूस तसं करणार नाही. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा आणि तेवढाच तुकडा बदला. तीन ठिकाणी अडखळला तर मात्र ओळ सोडून द्या, नवी लिहा. हसवणारा शब्द तेवढा जपून ठेवा, तो पुढच्या कवितेला लागतो.

नळकोंडाळं

नळाची आणि दातांची, दोन्ही उद्या शेजारच्या मुलीकडून वाचून घेतो. गड्ड्याची यादी आजच करायला घेतली: कोबी, पाळणा, भोंगा, भजी, चप्पल, शिट्टी. 'पाळणा'त काहीतरी आहे असं वाटतंय, कारण तो यात्रेतही असतो आणि बारशालाही.

टाळमृदंग

'पाळणा' घ्याच. मात्रा ५ आहेत, पा २, ळ १, णा २. ८ च्या टप्प्यात त्याला ३ मात्रांचा सोबती लागेल: 'उंच पाळणा', 'एक पाळणा', 'कुठे पाळणा'. आणि पाळणा 'लांबणे' हा वाक्प्रचार उजव्या बाजूला लिहून ठेवा. यात्रेतल्या रांगेतही तो खरा ठरतो.